हातांना मुंग्या का येतात: स्पोर्ट मोटारसायकल, लांबचा पल्ला आणि कंपनांचे गणित

दोन-अडीच तास एकसारख्या वेगाने गाडी चालवून पेट्रोलसाठी थांबावे, हातमोजे काढावेत, टाकीचे झाकण उघडण्यासाठी चावी चिमटीत धरावी आणि ती बोटांत आहे की निसटली हेच कळू नये, हा अनुभव स्पोर्ट मोटारसायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. थोड्या वेळाने बोटे पूर्ववत होतात आणि ‘गाडी जरा व्हायब्रेट होते’ एवढे म्हणून आपण पुढच्या टप्प्याला निघतो. नंतर कोणी जाड मुठी बसवतो, कोणी हँडलच्या टोकांना वजने लावतो, कोणी जेलचे हातमोजे घेतो. यांपैकी काही उपाय लागू पडतात, काही पडत नाहीत, आणि काहींमुळे त्रास उलट वाढतो. याचे कारण असे, की ‘व्हायब्रेशन’ या एका शब्दाखाली आपण निदान तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. त्यांचा उगम वेगळा, हातापर्यंत पोहोचण्याची वाट वेगळी आणि इलाजही वेगळा असतो. आपला कंप कोणता हे ओळखण्यातच अर्धे काम होते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सेकंदाला किती वेळा?

कंप ओळखायचा तर पहिला प्रश्न ‘किती जोराने’ हा नसून ‘सेकंदाला किती वेळा’ हा आहे. या मोजमापाला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला एक आवर्तन म्हणजे एक हर्ट्झ.

सस्पेन्शनवर डोलणारी अख्खी गाडी सेकंदाला साधारण दीड ते तीन वेळा वरखाली होते. हे डोलणे डोळ्यांना दिसते आणि मोजताही येते. त्याच्या बरेच वर चाकांचा कंप येतो. स्पोर्ट गाडीच्या पुढच्या १७ इंची चाकाचा टायरसह परीघ साधारण १.९ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर, त्यामुळे त्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास १५ फेरे घेते. चाकाच्या एका बाजूला थोडे वजन जास्त असेल, तर हँडलला सेकंदाला १५ हिसके बसतात. हा कंप ‘थडथड’ या शब्दाने सांगता येतो. इंजिनाचा कंप याहून कितीतरी वरचा आहे. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० फेरे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे चार सिलिंडरच्या इंजिनातला मुख्य कंप याच्या दुप्पट, म्हणजे २०० हर्ट्झचा असतो. त्याला थडथड म्हणता येणार नाही. तो गुणगुणतो, झिणझिणतो, आणि बोटांना मुंग्या आणणारा बहुधा हाच असतो.

या दोहोंतला फरक रस्त्यावर ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर कंप जाणवतो तो वेग कायम ठेवावा आणि एक गिअर खाली टाकून पुन्हा त्याच वेगाने चालवावे. वेग तोच असल्याने चाकांचे फेरे बदलत नाहीत, पण इंजिनाचे फेरे वाढतात. कंप जसाच्या तसा राहिला तर दोष चाकात, टायरमध्ये किंवा बेअरिंगमध्ये आहे. त्याचा पोत बदलला, तो पळाला किंवा वाढला, तर तो इंजिनाचा आहे. ही साधी चाचणी मी स्वतः फार उशिरा केली. टायर बदलून आणल्यावर ताशी ९५ च्या आसपास हँडल थरथरू लागले होते आणि मी दोन आठवडे इंजिनाच्या बोल्टांवर संशय घेत होतो. गिअर बदलून पाहिल्यावर थरथर जागची हलली नाही, तेव्हा कुठे खाली वाकून पाहिले. नवा टायर चढवताना पुढच्या रिमवर संतुलनाचे वजन चिकटवलेलेच नव्हते.

चार पिस्टन एकमेकांना तोलतात, तरीही

इंजिनातला पिस्टन क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबतो, एकदा वर आणि एकदा खाली, आणि दोन्ही वेळा उलट दिशेने निघतो. वस्तूला थांबवून उलट फिरवायला बळ लागते आणि त्या बळाची प्रतिक्रिया इंजिनाच्या सांगाड्यावर येते. एका सिलिंडरचे इंजिन म्हणूनच उघडपणे हादरते. क्रँकवर पिस्टनच्या विरुद्ध बाजूला वजन ठेवून त्यातला काही भाग तोलता येतो. मात्र पूर्ण तोलायला गेले, तर वरखालीचा हादरा पुढेमागे होऊ लागतो.

चार सिलिंडर एका रांगेत असतात तेव्हा दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात. पाहणाऱ्याला वाटते की हिशेब चुकता झाला. तो तसा होत नाही, कारण वरच्या आणि खालच्या टोकाला पिस्टनची चाल सारखी नसते. याचा दोष पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या तिरकेपणाकडे जातो. क्रँक सरळ वरच्या स्थितीतून पाव फेरा फिरला, की पिस्टन बरोबर निम्मे अंतर उतरला असावा अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तोवर रॉड तिरका झालेला असतो, आणि तिरकी काठी उभ्या काठीपेक्षा कमी उंच, म्हणून पिस्टन निम्म्याहून खाली ओढला गेलेला असतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची चाल, ५५ मिलिमीटर आणि रॉड त्याच्या दुप्पट, म्हणजे ११० मिलिमीटर धरला, तर पाव फेऱ्याला पिस्टन २७.५ नव्हे तर सुमारे ३१ मिलिमीटर उतरलेला असतो. म्हणजे फेऱ्याच्या वरच्या अर्ध्यात त्याला जास्त अंतर कापावे लागते आणि खालच्या अर्ध्यात कमी. साहजिकच वरच्या टोकाला तो अधिक जोराने वळतो. या मापांच्या इंजिनात वरच्या आणि खालच्या टोकांच्या त्वरणांचे प्रमाण ५ ला ३ असे येते.

आता चार पिस्टन एकत्र पाहावेत. वरचे दोन सांगाड्याला जितक्या जोराने वर ओढतात, तितक्या जोराने खालचे दोन त्याला खाली ओढत नाहीत, त्यामुळे वरच्या दिशेने काही बळ उरते. अर्ध्या फेऱ्यानंतर जोड्यांची अदलाबदल होते आणि पुन्हा तेवढेच बळ वरच्या दिशेने उरते. अधल्यामधल्या स्थितीत ते खालच्या दिशेने येते. एका फेऱ्यात हे चक्र दोनदा पूर्ण होत असल्याने कंपाची वारंवारता इंजिनाच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते, आणि म्हणून त्याला दुय्यम कंप म्हणतात. नावात ‘दुय्यम’ असले तरी तो किरकोळ नाही. प्रत्येक पिस्टन आणि त्याच्याबरोबर वरखाली होणारे भाग मिळून २५० ग्रॅम धरले, तर ६,००० फेऱ्यांना हे उरलेले बळ सुमारे २,७०० न्यूटन, म्हणजे २७५ किलो वजनाच्या आसपास भरते, आणि ते सेकंदाला २०० वेळा वरखाली होते. २०० किलोची गाडी एकसंध दगडासारखी हलते असे मानले, तर या बळाने होणारी हालचाल एक शतांश मिलिमीटरहूनही कमी निघते. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. एवढ्याशा हालचालीने हात बधिर होतो हे आधी पटत नाही, पण त्याचे उत्तर हाताच्या रचनेत आहे आणि त्याकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिन ५,००० वरून ६,००० वर गेले, तर फेरे २० टक्क्यांनी वाढतात आणि बळ ४४ टक्क्यांनी. लांबच्या प्रवासात ‘थोडेसेच’ जास्त पळवण्याची किंमत हातांना कशी मोजावी लागते, ते यावरून दिसते.

बाकीच्या इंजिनांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे कोन १२० अंशांचे ठेवले, की प्राथमिक (फेऱ्यागणिक एकदा येणारे) आणि दुय्यम अशी दोन्ही बळे आपसांत मिटतात आणि टोकाटोकाला झुलण्याची प्रवृत्ती तेवढी उरते, जी बॅलन्सर शाफ्टने, म्हणजे तोल साधण्यासाठी फिरणाऱ्या वजनदार दांड्याने, आवरता येते. सहा सिलिंडर एका रांगेत असतील तर झुलणेही उरत नाही. ९० अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये (‘व्ही’ आकारात मांडलेले दोन सिलिंडर) प्राथमिक कंप क्रँकवरील वजनाने पुरता तोलता येतो. २७० अंशांच्या क्रँकवरील समांतर ट्विन (शेजारीशेजारी दोन सिलिंडर) दुय्यम बळ मिटवते आणि प्राथमिक बळासाठी बॅलन्सर मागते. रांगेतल्या चार सिलिंडरांसाठीही उपाय आहेच. क्रँकच्या दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणारे दोन तोलशाफ्ट बसवण्याची इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. १९९६ साली आलेल्या होंडाच्या ‘ब्लॅकबर्ड’मध्ये असे दोन शाफ्ट होते, कारण ती गाडी वेगाबरोबरच लांबच्या पल्ल्यासाठीही होती. अनेक स्पोर्ट गाड्यांत मात्र वजन आणि शक्ती वाचवण्यासाठी ते गाळतात. ही निर्मात्याची चूक म्हणता येणार नाही. दोन तासांच्या ट्रॅकसाठी केलेली निवड आपण दहा तासांच्या प्रवासाला नेतो, एवढेच. इंजिन रबरावर टांगण्याचा मार्गही जुना आहे आणि १९६७ च्या नॉर्टन ‘कमांडो’ने तो गाजवला. पण आजच्या स्पोर्ट गाडीत इंजिन हाच चौकटीचा ताण सोसणारा भाग असतो, त्यामुळे त्याला रबरावर सैल सोडता येत नाही.

हाताच्या आत काय घडते

तळहाताच्या आणि बोटांच्या त्वचेखाली कंप टिपणारी निरनिराळी ग्राहके असतात. त्यांतली पॅसिनियन नावाची ग्राहके २०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतात आणि त्या पट्ट्यात एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपासची हालचालही त्यांना जाणवते. आता हिशेब उलटा करून पाहावा. दुय्यम कंपाची वारंवारता २०० ते ३०० हर्ट्झ असण्यासाठी इंजिन ६,००० ते ९,००० फेऱ्यांवर हवे. मध्यम क्षमतेची चार सिलिंडरची स्पोर्ट गाडी महामार्गावर चांगल्या वेगाने निघाली, की याच पट्ट्याच्या उंबरठ्यावर असते. म्हणजे शतांश मिलिमीटरची ती हालचाल हाताच्या सर्वांत हळव्या जागी पोहोचते. तासन्‌तास हा मारा सोसल्यावर ग्राहके थकतात आणि संवेदनेचा उंबरठा तात्पुरता वर सरकतो. मोठ्या आवाजातून बाहेर आल्यावर कान काही काळ जसे दडे बसल्यासारखे वाटतात, तसेच हे आहे. चिमटीतली चावी न कळण्याचे कारण हे.

येथे एक दुष्टचक्रही आहे. स्नायूला सतत कंप मिळाला, की तो आपल्या नकळत आकुंचन पावतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्यामुळे मूठ हळूहळू आवळत जाते, आणि मूठ जितकी घट्ट, तितका कंप हातात अधिक शिरतो. दर थोड्या वेळाने मूठ मुद्दाम सैल करावी लागते ती याचसाठी, कारण ती आपोआप सैल होत नाही.

परंतु प्रत्येक बधिरपणाचे खापर कंपावर फोडू नये. कोणती बोटे बधिर होतात ते नीट पाहिले, तर पुष्कळ उलगडा होतो. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू तेवढीच झोपत असेल, तर अल्नर मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता मोठी आहे. हा मज्जातंतू तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला, मनगटाजवळच्या एका अरुंद खोबणीतून जातो आणि शरीराचा भार हँडलवर त्याच जागी टेकलेला असतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगटाच्या मध्यातून जाणाऱ्या मीडियन मज्जातंतूकडे पाहावे. मनगट मागे मुरडलेले राहिले की तो आवळला जातो, आणि उजव्या हातात, थ्रॉटल धरून ठेवताना, हे हमखास होते. दोन्ही हातांची सगळी बोटे सारखीच झिणझिणत असतील, तेव्हाच कंप हा मुख्य आरोपी मानावा. पहिल्या दोन प्रकारांत हँडलच्या टोकांना कितीही वजने लावली तरी फरक पडणार नाही, कारण तेथे दोष भाराचा आणि कोनाचा आहे.

कामाच्या ठिकाणी हातांना होणाऱ्या कंपासाठी युरोपीय संघाने २००२ साली मर्यादा ठरवल्या. आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपासून मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर कामगाराला जाऊ द्यायचे नाही. हा नियम कामगारांसाठी आहे, हौशी स्वारांसाठी नाही, पण त्यातले गणित आपल्यालाही उपयोगी आहे. कंपाची तीव्रता निम्मी केली, तर तेवढाच डोस होण्यास चौपट वेळ लागतो. ५ च्या तीव्रतेला उपायांची पातळी दोन तासांत गाठली जाते, तर २.५ ला आठ तासांत. म्हणून कंप थोडासा कमी करणारा उपायही लांबच्या पल्ल्यात दिसतो त्यापेक्षा मोठा ठरतो. आणखी एक बारकावा असा, की मोजमापाच्या या पद्धतीत उच्च वारंवारतेला फार कमी भार दिला जातो. २०० हर्ट्झच्या कंपाचे माप सुमारे बाराव्या हिश्श्याइतकेच हिशेबात धरतात. जो कंप सर्वांत जास्त बोचतो, तोच सर्वांत जास्त बाधतो असे नाही.

आरसा हे फुकटचे उपकरण

इंजिनात जन्मलेला कंप हातापर्यंत चौकट, हँडल आणि मुठींच्या वाटेने येतो आणि या वाटेवर तो लहानमोठा होतो. प्रत्येक नळीला, दांडीला स्वतःची एक लाडकी वारंवारता असते. त्या वारंवारतेचा कंप मिळाला की ती जोरात थरथरू लागते. याला अनुनाद म्हणतात. तो पाहायचा असेल तर आरशाकडे लक्ष ठेवावे. पाच हजार फेऱ्यांवर मागच्या वाहनाचे दोन दिवे स्पष्ट वेगळे दिसतात. फेरे सावकाश वाढवत नेले, की एका जागी ते ओघळल्यासारखे होऊन एकमेकांत मिसळतात, आणि आणखी तीन-चारशे फेरे वाढवले की पुन्हा आपापल्या जागी येतात. इंजिनाचे बळ या दरम्यान वाढतच गेलेले असते, तरीही आरसा निवळला, याचा अर्थ आपण आरशाच्या दांडीच्या अनुनादातून पार झालो. हँडलचेही असेच असते, फक्त ते डोळ्यांऐवजी तळहातांना कळते. शंभर-शंभर फेऱ्यांनी पुढे जात कोठे झिणझिण चढते आणि कोठे उतरते, याची नोंद एकदा करून ठेवावी.

ही नोंद नसताना हँडलच्या टोकांची (बार-एंड) वजने बदलणे म्हणजे अंधारात तीर मारणे आहे. टोकाला वजन वाढवले की हँडलची लाडकी वारंवारता खाली येते. समजा, ती २०० हर्ट्झवर होती, म्हणजे त्रास ६,००० फेऱ्यांना होत होता, आणि जड वजनांनी ती १७० वर आली. आता त्रास ५,१०० फेऱ्यांना होईल. जो ६,००० वर चालवतो त्याला हा चमत्कार वाटेल, आणि जो ५,१०० वर चालवतो तो वजने विकणाऱ्याला शिव्या देईल. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. दुसऱ्याच्या गाडीवर लागू पडलेला उपाय आपल्यावर उलटतो तो असा.

याच तर्काने इंजिनाचे फेरेच हलवता येतात. चेन फिरवणाऱ्या पुढच्या दातेरी चाकाला (स्प्रॉकेटला) १६ ऐवजी १७ दात घेतले, तर ज्या वेगाला ६,००० फेरे लागत होते, त्याला सुमारे ५,६५० लागतात. बळही कमी होते आणि अनुनादाची जागाही टळू शकते. बदल्यात वेग पकडताना गाडी किंचित सुस्त होते, आणि ज्या गाड्यांचा वेगमापक गिअरबॉक्सवरून वेग मोजतो, तेथे तो चुकीचा वेग दाखवू लागतो. माझ्या मते लांबच्या पल्ल्यासाठी एवढ्या कमी खर्चात एवढा फरक करणारी दुसरी गोष्ट क्वचितच मिळेल.

मऊ फोमच्या मुठी आणि जेलचे हातमोजे यांबाबत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. कोणतेही मऊ अस्तर स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वरच कंप अडवते, त्याखाली ते अडवत नाही, उलट वाढवू शकते. म्हणून हातमोजे इंजिनाच्या झिणझिणीवर थोडेफार काम करतात, पण चाकाच्या थडथडीवर जवळपास काहीच करत नाहीत. शिवाय मूठ जाड झाली की ती धरायला जास्त जोर लागतो आणि मघाचे दुष्टचक्र पुन्हा सुरू होते. सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या थ्रॉटल बॉडींचा ताळमेळ बिघडणे, इंजिनाचा एखादा बोल्ट सैल असणे, चेन एका जागी आवळलेली आणि दुसऱ्या जागी सैल असणे, या गोष्टी सर्वांत आधी तपासाव्यात हे सांगायला नकोच. हँडलवर फोन लावणाऱ्यांनी ॲपलने २०२१ साली दिलेली सूचनाही लक्षात ठेवावी. शक्तिशाली मोटारसायकल इंजिनांच्या कंपाने फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असे कंपनीनेच तेव्हा सांगितले होते.

मनगटांवरचा भार

स्पोर्ट गाडीत हँडल खाली आणि पावदान मागे व वर असते, त्यामुळे धड पुढे झुकते आणि त्याचे वजन कोणीतरी उचलावे लागते. हे काम वेगात असताना बऱ्याच अंशी वारा करतो. ताशी १०० किलोमीटरला समोरची हवा दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाइतका दाब देते, आणि ५० ला हा दाब पावपटीने, म्हणजे १२ किलोवर येतो. गाडीचे कवच यातला मोठा भाग अडवते, तरी छातीला मिळणारा आधार मनगटांना जाणवण्याइतका असतो. हीच गाडी महामार्गावर सुसह्य आणि गर्दीच्या संथ रस्त्यावर छळवादी का वाटते, याचे उत्तर येथे आहे.

वारा नसेल तेव्हा हे काम मांड्यांनी आणि पोट-पाठीच्या स्नायूंनी करायचे असते. गुडघ्यांनी टाकी धरावी, टाकीच्या बाजू गुळगुळीत असतील तर रबराचे पॅड चिकटवावेत, कोपरे किंचित वाकलेली ठेवावीत. मुठीवर बोटे पेटी वाजवल्यासारखी सहज हलवता आली, तर मनगटांवर भार नाही असे समजावे. ती हलत नसतील तर आपण हँडलवर लोंबकळतो आहोत. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर पुढे पसरलेल्या हाताच्या सरळ रेषेत असावेत, म्हणजे बोटे त्यांवर ठेवताना मनगट मुरडत नाही. त्यासाठी बोल्ट सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवावा लागतो, आणि हे काम पाच मिनिटांचे असते.

सीटबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे, की मऊ सीट आरामदायी असते. दुकानात बसून पाहिले तर ती तशी वाटतेही. पण बसताना शरीराचा भार मुख्यतः नितंबांतल्या दोन हाडांवर येतो, आणि मऊ फोम तासाभरात दबून तळाला टेकला, की ती दोन हाडे थेट तळाच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर बसल्यासारखी होतात. त्या जागचा रक्तप्रवाह कमी होतो आणि स्वार दर दहा मिनिटांनी बूड हलवू लागतो. घट्ट पण रुंद सीट, जी भार पसरवते, ती लांबच्या प्रवासात बरी. सीट पुढे उतरती असेल तर आणखी एक त्रास होतो. स्वार टाकीकडे घसरत राहतो, ते घसरणे हातांनी रोखतो, आणि सीटचा दोष मनगटांत उमटतो.

रस्त्याचे हादरे हा स्वतंत्र विषय आहे. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या हादऱ्यांना सर्वांत हळवे असते, आणि ते अडवण्याचे काम सस्पेन्शनचे. स्वार बसल्यावर सस्पेन्शन साधारण ३० ते ४० मिलिमीटर दबायला हवे. ते बरेच कमी दबत असेल, तर गाडी खड्ड्यात उतरण्याऐवजी त्यावरून उडते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा समज मात्र चुकीचा आहे. साध्या स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडीची उंची बदलते. हादरे टोचत असतील तर आधी टायरमधली हवा निर्मात्याने सांगितल्याइतकीच आहे का ते पाहावे आणि मग कॉम्प्रेशन डॅम्पिंग (सस्पेन्शन दबताना होणारा विरोध) एक-दोन टिचक्यांनी सैल करून त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झाले हे कळत नाही.

वाऱ्याचा कंपही कमी लेखू नये. विंडस्क्रीनच्या कडेवरून सुटणारी हवा भोवरे करत जाते, आणि ते भोवरे नेमके हेल्मेटवर आदळले, तर डोके सतत थडथडते व नजर अस्थिर होते. उंच काच लावून हा त्रास कधीकधी वाढतो, कारण आधी छातीवर येणारी एकसारखी हवा आता भोवऱ्यांच्या रूपात डोक्यावर येते. सीटवरून थोडे उठून आणि थोडे वाकून पाहिले, की शांत हवा कोठे आहे ते सापडते आणि काच वर हवी की खाली, याचा निकाल लागतो. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तासांची आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला निम्म्या वेळेची मर्यादा शिफारस केलेली असते. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एकच तास उरतो. चांगले इअरप्लग वापरून पाहणाऱ्याला संध्याकाळी थकवा निम्म्यावर आल्यासारखे वाटते, आणि त्याने दिवसभर गाडीत दुसरे काहीही बदललेले नसते.

थंडीत हा सगळा त्रास वाढतो, कारण बोटांतल्या रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, आणि म्हणून तापणाऱ्या मुठी हिवाळ्यात चैन न राहता उपचार होतात. थांबे तासा-दीड तासाने घ्यावेत आणि बधिरपणा येण्याआधी घ्यावेत, कारण तो आल्यावर ग्राहकांना सावरायला जास्त वेळ लागतो. थांब्यावर बोटांत संवेदना परतायला किती मिनिटे लागतात तेही पाहत जावे. ती मिनिटे दर प्रवासाला वाढत असतील, बधिरपणा दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, रात्री झोपेतून हात झटकत उठावे लागत असेल, किंवा गारठ्यात एखादे बोट टोकाकडून पांढरे पडत असेल, तर गाडीची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी हात डॉक्टरांना दाखवावा.